घरगाडीची तार आणि गोरेगावची मावशी

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, वाघ दिसला का. नाही दिसला. गोंदिया जिल्ह्यात आम्ही आठ दिवस होतो, त्यातले तीन नवेगावच्या जंगलाला लागून काढले, आणि त्यातला बराचसा वेळ मी गाडीच्या आत एका निळ्या पडद्यासमोर बसून "नाही, अजून नाही" असं ओरडण्यात घालवला. तेवढ्यात एखादा वाघ गाडीमागून गेलाही असेल. आमचं संभाषण ऐकून त्याला पुढे जाणंच बरं वाटलं असेल. ज्यांना वाघ हवाय त्यांनी हे वर्णन इथेच मिटावं.

आधी गाडीबद्दल. दत्ता, म्हणजे माझा नवरा, आणि मी, दोघंही टेलिफोन खात्यात होतो. तो तारा ओढायचा, मी ट्रंक ऑपरेटर. त्याने लाइन जोडायची आणि ती लागली की नाही ते मी सांगायचं, अशी आमची ओळख झाली, आणि लग्नानंतरही कामाची वाटणी फारशी बदलली नाही. एकाच ऑफिसातले म्हणून मी त्याला पहिल्यापासून एकेरीच हाक मारते, यावर सासूबाई शेवटपर्यंत रुसून होत्या. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, भजनी मंडळात जातात. दत्ताने शाळेची एक म्हातारी मिनीबस घेतली, तिची बाकं उपटून काढली आणि आत दोन पलंग, एक ओटा, एक टाकी आणि एक टीव्ही बसवला. तिला तो घरगाडी म्हणतो. सोसायटीतले लोक तिला काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

टीव्हीसाठी टपावर डिश. डिशपासून टीव्हीपर्यंत तार. ही तार दिसता कामा नये, असा दत्ताचा हट्ट होता. जन्मभर त्याने खांबांवरून तारा ओढल्या आणि जन्मभर लोकांनी त्यांना जंजाळ म्हटलं, त्याचा सूड त्याने या पंधरा हात तारेवर घेतला. टपाला भोक पाडून ती आत घेतली, प्लायवूडच्या मागून फिरवली, कोपऱ्याकोपऱ्यांतून वळवली आणि टीव्हीच्या मागे अशी बाहेर काढली की ती तिथेच उगवली असावी. पुण्यात, सोसायटीच्या आवारात, चित्र लख्ख आलं. निघायच्या आदल्या दिवशी मी फक्त एवढंच म्हणाले की मसाल्याच्या डब्यांना एक फळी हवी. त्याने कुरकुरत चार स्क्रू मारून फळी बसवून दिली. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण आम्ही ठेवलं नाही.

नवेगावबांध

पुणे ते साकोली हा भाग मी गाळते. रस्ता होता, आम्ही होतो, ढाब्यांवर डाळ होती. साकोलीच्या पुढे मात्र देश बदलतो. डिसेंबरचे दिवस होते, धान कापून झालेलं, जागोजागी पेंढ्यांचे पुंजणे रचलेले, आणि कापलेल्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, लाखोळीच्या डाळीचं हिरवं पीक वर आलेलं. धान उभं असतानाच त्यात हे बी फेकतात, नांगरणी नाही, पाणी नाही. दर मैलावर एक तळं. आमच्याकडे तळं म्हणजे फिरायला जायची जागा, भोवती भेळेच्या गाड्या. इथे तळं म्हणजे शेताचा हंडा. ते कुणी राजाने नाही, कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी बांधलं, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असं.

नवेगावच्या तळ्याकाठी गाडी लावली आणि दत्ता टपावर चढला. पुण्यात आग्नेयेला असणारा उपग्रह इथे जवळजवळ दक्षिणेला येतो आणि थोडा वर चढतो, हे त्याने कागदावर काढून आणलं होतं. कागद बरोबर होता. चित्र येत नव्हतं.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही."

ज्यांच्या घरी कधी अँटेना होता त्यांना हा संवाद पाठ असेल. वरचा माणूस देवासारखा, त्याला सगळं हलवता येतं पण काही दिसत नाही. खालच्याला दिसतं, पण हलवता काही येत नाही. आमच्या संसाराचंही साधारण हेच आहे. दोन तासांनी दत्ता खाली उतरला आणि आम्ही तळ्यातले झिंगे घातलेलं तिखट कालवण आणि भात खाल्ला. मासे विकणाऱ्या ढिवर बाईंनी ते कसं करायचं ते मला तीन वाक्यांत सांगितलं आणि चौथ्या वाक्यात, मीठ जास्त झालं तर माझा दोष नाही, हेही सांगून टाकलं. पुण्यात एवढ्या माहितीचे वर्ग निघाले असते.

पहाटे दवाचं पाणी टपाच्या भोकातून तारेवरून चालत आलं आणि नेमकं माझ्या उशीवर उतरलं. दत्ता म्हणाला, सील थोडं बसायचंय. मी उशी बदलली.

दुसऱ्या दिवशी, बांधावरच्या एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं की मोबाइलला एक काडी रेंज येते हे कळलं. त्या दगडावर मला फोन आला. मुंबईच्या वाहिनीतली मुलगी बोलत होती: तुमचा भाग या गुरुवारी दुपारी दीडला.

इथे थोडं मागे जायला हवं. तीन महिन्यांपूर्वी मी एका पाककृतींच्या कार्यक्रमात जाऊन आले होते. दत्ता आला नव्हता, कारण प्लायवूडचा डिंक वाळत होता. "टीव्हीवर लागेल तेव्हा बघीन की," असं तो म्हणाला होता. आता, ट्रंक ऑपरेटर ही अशी बाई असते जिचा आवाज हजारो लोक ऐकतात आणि तोंड कुणी बघत नाही. माझी एकच इच्छा होती, की या माणसाने अर्धा तास हातातली पक्कड खाली ठेवावी आणि माझ्याकडे बघावं. समोर बसून ते पस्तीस वर्षांत जमलं नव्हतं. टीव्हीत गेले तर जमेल असं वाटलं. दत्ताही त्या दिवशी खरंच खजील झाला असावा. म्हणाला, "गुरुवारपर्यंत चित्र आलंच समज. शब्द देतो."

यातली एक गोष्ट मात्र फक्त मला ठाऊक होती. कार्यक्रमात मी केले होते आयते, म्हणजे तांदळाच्या पिठाची इकडची पातळ धिरडी. कृती मिळाली कुठे, तर तांदळाच्या पिठाच्या पिशवीच्या मागे छापलेली. पण निवेदिकेने कॅमेऱ्यासमोर गोड आवाजात विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" आता पिशवीने शिकवलं असं कोण सांगणार? पिशवीवर गिरणीचं गाव होतं, गोरेगाव, जिल्हा गोंदिया. मी म्हणाले, "माझ्या गोरेगावच्या मावशीने." ती म्हणाली, "ईस्ट की वेस्ट?" मी म्हणाले, मुंबईचं नाही, गोंदियाचं. आणि मग जी सुटले ती सुटलेच. दर सुट्टीत मी जायची, मावशी चुलीशी बसवायची, धुराने डोळे चुरचुरायचे. नगरच्या पूर्वेला माझा एकही नातेवाईक नाही. माझी सख्खी मावशी सांगलीला आहे आणि तिला चहासुद्धा नीट जमत नाही.

प्रतापगड

तारेचा दोष असेल हे दत्ताच्या मनातही आलं नाही. त्याने ओढलेल्या तारेत दोष नसतो. त्याने झाडांना दोष दिला आणि उघड्यावर जायचं म्हणून आम्ही प्रतापगडाच्या पायथ्याशी आलो. सातारा जिल्ह्यातला नव्हे. या डोंगरावर जुना किल्ला आहे, महादेव आहे आणि दर्गाही आहे, आणि येणारे लोक दोन्हीकडे जाऊन येतात. मी एका फुलवालीला विचारलं, आधी कुठे जायचं असतं? ती म्हणाली, "जिकडचा चढ आधी लागते तिकडं." या प्रश्नावर आमच्याकडे परिसंवाद होतात.

मी वर जाऊन आले. दत्ता गेला नाही, तो टपावर होता. परतले तर गाडीसमोर सात-आठ माणसं रांगेत उभी. पांढरी गाडी, वर डिश, आत पलंग दिसतोय, तेव्हा हा सरकारचा फिरता दवाखाना, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. पुढच्या आजोबांनी मला बघताच एक डोळा बोटांनी ताणून दाखवला.

"डोरे तपासता ना जी?"

मी म्हटलं, नाही हो, ही आमची राहायची गाडी आहे.

"मंग हे छत्री कायले लावली?"

टीव्ही बघायला, असं मी सांगितलं. आजोबांनी डोळा सोडला आणि दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"घरी नाई का टीवी?"

आहे, म्हटलं.

"मंग एवढ्या दूर येऊन कायले पाहून राहिले?"

मी रांगेतल्या सगळ्यांना चहा केला. चहा पिऊन झाल्यावर आजोबांनी टपावरच्या दत्ताला खालून सल्ला दिला की टीव्ही लागत नसेल तर डोंगर बघा, तो लागलेलाच आहे. दत्ता त्या दिवशी जेवला नाही.

टेकचंदच्या घरी

बुधवारी दुपारी आम्ही गोरेगावला पोचलो. आठवडी बाजार भरला होता, मोटरसायकलींमधून वाट काढत गाडी चालली होती, आणि बाजार मागे पडल्यावर एका भाताच्या गिरणीवर मला पाटी दिसली. पिशवीवरचंच नाव, तीच अक्षरं, तोच लाल रंग. ओळखीच्या माणसाला चुकवावं तशी मी खिडकीपासून आत सरकले.

गोरेगावपासून थोड्या अंतरावरच्या गावात टेकचंद राहतो. दत्ता नोकरीच्या सुरुवातीला या भागात होता तेव्हा टेकचंद त्याच्या हाताखालचा लाइनमन. आता तोही निवृत्त होऊन शेती करतो. जातीने पोवार, पूर्वज माळव्यातून आलेले. घरात आपसांत पोवारी बोलतात, आमच्याशी इकडची झाडीपट्टीची मराठी आणि मध्येच हिंदी. एवढ्या वर्षांनी भेटल्यावर दोघं मिठी मारतील असं मला वाटलं होतं. टेकचंदने नमस्कार केला, म्हणाला, "म्हातारे झाले, साहेब," आणि थेट टपाकडे पाहिलं.

"तार कुठून नेली जी? दिसून नाई राहिली."

"दिसायची नाहीच ती," दत्ता अभिमानाने म्हणाला.

टेकचंद हूं म्हणाला. लाइनमनच्या हूंमध्ये पुष्कळ काही असतं, ते मला हेडफोनवरून वर्षानुवर्षं ऐकून माहीत होतं.

टेकचंदची बायको अनसूयाबाई माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण पहिल्या पाच मिनिटांत तिने मला माझी जागा दाखवून दिली. आमच्याकडे पाहुण्याला "काय घेणार" विचारतात. तिने विचारलं, "भूक लागली का नाई?" आणि उत्तराची वाट न बघता चूल पेटवली. पीठ कालवलं तेव्हाच मी ओळखलं. आयते होते.

मी समोर बसून बघत राहिले. पीठ ताकापेक्षा जरा दाट, त्यात मीठ सोडून काही नाही. लोखंडी तव्यावर तेलात बुडवलेलं वांग्याचं देठ फिरवलं, वाटीतून पीठ कडेने सुरू करून मधोमध आणून ओतलं, झाकण घातलं. उलटलं नाही. झाकण काढलं तेव्हा वर जाळी पडली होती आणि कडा आपोआप सुटल्या होत्या. गूळ विरघळवलेल्या दुधात बुडवून खाल्लं. पिशवीवरच्या कृतीत खायचा सोडा होता. आणि मी, कार्यक्रमात उठून दिसावं म्हणून, त्यात सिमला मिरची, किसलेलं चीज आणि टोमॅटो सॉस घालून त्याच्या गुंडाळ्या केल्या होत्या. मावशीच्या नावाने.

तेवढ्यात दत्ताने तोंड उघडलं. उद्या हिचा कार्यक्रम आहे टीव्हीवर, दीड वाजता, आणि हिने काय केलंय माहितीय का, तुमचे आयते. अनसूयाबाईची वाटी तव्यावरच थांबली. पुण्याच्या बाईला आयते येतात? मग उद्या गल्लीतल्या साऱ्या बायांना बोलावते, ती म्हणाली.

मी घाईने विचारलं, तुमच्याकडे ती वाहिनी दिसते का. नाही, त्यांच्याकडे फुकट वाहिन्यांचीच छत्री होती. शिवाय दुपारी बारा ते चार भारनियमन, सबंध गावात लाइट नाही. मी मनातल्या मनात वीज मंडळाला आयुष्यात प्रथमच आशीर्वाद दिला. टेकचंद म्हणाला, "पन साहेबाची गाडी बॅटरीवर आहे ना जी." हो की, दत्ता म्हणाला. दीड वाजता अख्ख्या गावात चालू शकणारा एकच टीव्ही होता, आणि तो आमचा होता.

मी अर्धा आयता तसाच ठेवला. दत्ताने एकदा माझ्या ताटलीकडे पाहिलं.

गुरुवार

सकाळी टेकचंदने काम हातात घेतलं. साहेबाला न दुखवता घ्यायचं म्हणून आधी दोनदा चहा घेतला. मग टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स दोन्ही टपावर चढवले आणि तारेच्या हातभर तुकड्याने सरळ डिशला जोडले. चित्र आलं. म्हणजे उपग्रह जागेवर होता, झाडं निर्दोष होती, डोंगरही निर्दोष होता. राहिली ती मधली तार. दत्ताचा चेहरा उतरला. जुन्या लाइनमनची पद्धत अशी की लाइन अर्ध्यावर गाठायची, दोष अलीकडे की पलीकडे ते बघायचं, मग उरलेल्याचं परत अर्धं. टेकचंद प्लायवूडवरून बोट फिरवत आला आणि माझ्या मसाल्याच्या फळीशी थांबला.

"हा स्क्रू कोनाचा?"

स्क्रू काढला. टोकाला तांब्याचा कण चमकत होता. आठ दिवस आमच्या टीव्हीच्या नरड्यात हळद-तिखटाची फळी अडकली होती. फळी मी मागितलेली, स्क्रू त्याने मारलेला, त्यामुळे भांडणही नीट करता येईना.

"साहेब, लपवलेली तार दुखनं सांगत नाई," टेकचंद म्हणाला. दत्ता मान खाली घालून ऐकत होता. मी मसाल्याचे डबे आवरत होते, पण ते वाक्य मलाही लागलं.

टेकचंद मोटरसायकलवर गोरेगावला गेला, नवी तार आणली आणि तिथल्या डिशवाल्याकडून सिग्नल मोजायचं, काट्याचं एक छोटं मीटर मागून आणलं. नवी तार त्याने उघड्यावरून, गाडीच्या बाजूने खाली सोडली, खिडकीच्याही खाली झोळ दिला आणि मग वर घेऊन आत आणली. हा झोळ कशाला, मी विचारलं. बांधीच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, हात करून तो म्हणाला, "पान्याले उतराले जागा ठेवाव लागते. नाई त थे घरात येते." माझ्या उशीचा प्रश्न त्या एका वाक्यात सुटला.

टीव्ही परत जागेवर आला. एक वाजला होता. अंगणात बाया जमू लागल्या होत्या, काही सुपात लाखोळीची कोवळी भाजी निवडत, म्हणजे वेळ फुकट जायला नको. दत्ता आणि टेकचंद टपावर, टीव्ही उतरवताना हललेली डिश परत लावत. मी आत, एकटी, दार लावून, निळ्या पडद्यासमोर.

"आलं का?"

आलं. एकदम, स्वच्छ. एक माणूस साबणाची जाहिरात करत हसत होता.

पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की लाइन लागत नाही. तेव्हा ते खरं असायचं.

"नाही," मी म्हणाले.

वर डिश करकरली. चित्र गेलं, पुन्हा आलं.

"आता?"

"नाही."

दीडला वीस मिनिटं होती. आणखी तासभर नाही म्हणत राहिले की सुटले. बाया भाजी घेऊन घरी जातील, मावशी सांगलीला सुखात राहील. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मी नाही म्हणाले, आणि माझा आवाज अगदी ऑफिसातल्यासारखा निघाला.

मग दत्ताचा आवाज आला, हळू, पण टपाचा पत्रा पातळ होता.

"उतरू या टेकचंद. मला जमलं नाही."

हा माणूस लाइनमनसमोर असं कधी म्हणाला नव्हता. पुरात, वादळात, खांब पडले तरी नाही. अंगणात गावच्या बाया बघत होत्या, टेकचंद बघत होता, आणि दत्ता माझ्या खोटेपणासाठी शिडीवर पाय टाकत होता. मला स्वतःची शिसारी आली.

"आलं," मी ओरडले. "दत्ता, आलं! हलवू नकोस."

पुढचा अर्धा तास मी थोडक्यात सांगते. गाडीत नऊ बाया बसल्या, खिडक्यांत बाकीच्या. मी पडद्यावर दिसले तेव्हा एकीने मला चिमटा काढून खात्री केली. चीज आलं तेव्हा कुजबुज झाली. सिमला मिरची आली तेव्हा कुजबुज थांबली. मी आयता गुंडाळला तेव्हा एका म्हातारीने डोळ्यांवर पदर घेतला. आणि मग निवेदिकेने विचारलं, आणि पडद्यावरच्या त्या बाईने, खोटं सांगताना किती छान दिसत होती ती, गोरेगावच्या मावशीची सगळी कहाणी सांगितली, चुलीच्या धुरासकट.

पोवारांत सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी असतात. कुर म्हणजे कूळ सांगितलं की नातं निघतं, आणि नातं काढल्याशिवाय इथे कुणी कुणाला सोडत नाही. प्रश्न लगेच आले. मावशी कोणाच्या घरची? कुर कोणता? बाजाराकडे घर की तळ्याकडे? हयात आहे का? एकीने तर दोन संभाव्य मावश्या सुचवल्याही.

मी दत्ताकडे पाहिलं. तो खरोखर हातात काही न घेता टीव्हीकडे बघत होता.

"मावशी नाही," मी म्हणाले. "गोरेगावात माझं कुणी नाही. पिठाच्या पिशवीवर छापलं होतं ते मी केलं. मावशी खोटी सांगितली."

अनसूयाबाई दारात उभी होती.

"म्हनजे तुले गोरेगावची मावशी नाई."

"नाही."

"मंग आता झाली," ती म्हणाली. "उठ."

मला कळेना.

"साऱ्या दुनियेले सांगतलंस मावशीनं शिकवलं म्हून. लोक मले नाव ठेवतीन, का भाचीले हेच शिकवलं का. चाल चुलीपाशी. नीट जमल्याबिगर गाडी हालत नाई आज."

माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या मावशीने मला दंडाला धरून उठवलं. पहिले सहा आयते तव्याला चिकटले, ते गाईला गेले. सातवा फाटला, तो दत्ताला दिला. धुराने डोळे खरंच चुरचुरत होते, आणि त्यातलं किती पाणी धुराचं होतं ते मी सांगत नाही. अकराव्याला जाळी पडली. मावशीने तो हातावर घेतला, उजेडात धरला आणि म्हणाली, "चालते." गल्लीतल्या सगळ्या बायांनी माझे आयते खाल्ले, सिमला मिरची कायले टाकली होती हे प्रत्येकीने स्वतंत्रपणे विचारलं, आणि कुणीही मला बरं वाटावं म्हणून काहीही म्हटलं नाही. निघताना मावशीने ओटी भरली. नारळ, खण, आणि पायलीभर तांदूळ. पिठाची पिशवी पुन्हा आणायची नाही, अशी ताकीद दिली.

परतीचा रस्ता

साकोली मागे पडली. मग दत्ता म्हणाला, "छान दिसत होतीस."

"टीव्हीत सगळेच दिसतात."

"चित्र पण स्वच्छ होतं."

मी हसले. म्हटलं, या माणसाला सांगून टाकावं. मी म्हणाले, दत्ता, तू टपावर होतास तेव्हा मी तीनदा नाही म्हणाले ते खोटं होतं. चित्र पहिल्यांदाच आलं होतं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "टेकचंदच्या हातात मीटर होतं. काटा पहिल्यांदाच चढला होता. त्यालाही दिसला, मलाही दिसला."

बुधवारची ती अर्धी ताटली मला आठवली; तेव्हाच त्याला शंका आली असावी.

"मग जमलं नाही म्हणून खाली कशाला उतरत होतास? त्याच्यासमोर?"

समोरून ट्रक आला. दत्ताने गाडी कडेला घेतली, तो जाऊ दिला, आणि मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "ऑपरेटर नाही म्हणाली की लाइन नाही. काटा काहीही सांगो."

खिडकीबाहेर टेकचंदची तार झोळ घेऊन हलत होती. ती अजून तशीच आहे. सोसायटीतले लोक म्हणतात, दत्ताजी, ही बाहेरची तार आत घ्या की, फार दिसते. दत्ता हूं म्हणतो.